उतर खाली! : इंदुरातली सायकल आणि आमच्या गल्लीचा फलक



मागच्या रविवारी सकाळी रेसिडेन्सीच्या रस्त्यावर एक प्रकार घडला, आणि त्यापायी हे सगळं लिहायला बसले आहे. लांबण लागणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी चहा घेऊन बसा.

आम्ही पाच जणी रोज साडेसहाला फिरायला निघतो. गुडघे दुखतात म्हणून निघतो आणि बोलायला मिळतं म्हणून निघतो, दुसरं कारण जास्त खरं. आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ चालले होते, हातात काठी, डोक्याला मफलर. ओळख नाही, पण चालण्यावरून आणि टोपीऐवजी बांधलेल्या त्या मफलरवरून आपलेच वाटत होते. तेवढ्यात मागून सात-आठ सायकली आल्या. आता ज्या गिअरच्या, बारीक टायरच्या सायकली असतात ना, त्या. आवाज म्हणून काही नाही. एकदम कानाशी कुणीतरी ओरडलं, "साइड, साइड!" आम्ही पाची जणी इकडेतिकडे झालो. ते गृहस्थ मात्र दचकले, रस्त्याच्या कडेला पाय मुडपला, कसेबसे काठीवर सावरले. आणि काठी उगारून शेवटच्या सायकलवाल्याला म्हणाले, "ए, उतर! उतर खाली!"

मुलगा थांबला. पण उतरला नाही. एक पाय जमिनीवर, बाकी बूड सीटवरच. हेल्मेट घातलेलं होतं तरी मी ओळखलं. माझाच नातू.

"अंकल, आप लोग पूरी रोड घेर के चलते हो," म्हणाला. आणि खरं सांगायचं तर ते बिचारे एकटेच चालले होते, रस्ता अडवला होता तो आम्ही पाच जणींनी. मी काही बोलले नाही. नातवाच्या बाजूनेही नाही, त्यांच्या बाजूनेही नाही. कारण ते "उतर खाली" माझ्या कानात भलत्याच आवाजात ऐकू आलं. माझ्या आजोबांच्या. तो आवाज मी चौदा वर्षांची असताना ऐकला होता आणि त्याबद्दल आजवर घरातसुद्धा कधी कुणाशी बोलले नाही.

माझे आजोबा होळकर दरबारात हिशेबाच्या कचेरीत होते. राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, तिथून कचेरीत पायी जायचं, पायी यायचं. पगडी, उपरणं, हातात छत्री. रस्त्यावर टांगे, बैलगाड्या, सरदारांच्या बग्ग्या आणि अधूनमधून एखादी मोटार. ह्या सगळ्यांची आजोबांना तक्रार नव्हती, कारण ते सगळे लांबून कळतात. घोड्याच्या टापा ऐकू येतात, गाडीवान ओरडतो, मोटार तर गल्लीभर भोंगा वाजवते. सायकल मात्र मांजरासारखी येते, असं ते म्हणत. "चोरपावलांचं वाहन" हा त्यांचा शब्द.

हल्ली ज्या प्रकारची सायकल आपण सायकल म्हणून ओळखतो, सारख्या दोन चाकांची आणि साखळीवर चालणारी, ती इंग्लंडात १८८५ च्या सुमारास आली. हवा भरायचं टायर १८८८ सालचं. आपल्याकडे ती आली साहेबांच्या मागोमाग, मग संस्थानिकांकडे, मग डॉक्टर, वकील, मास्तर आणि शेवटी कारकून. गंमत अशी, की त्याच १८८८ साली इंग्लंडात एका कायद्याने सायकलला 'गाडी' ठरवलं आणि पुढे जाताना घंटी किंवा शिट्टी वाजवून लोकांना सूचना देणं सायकलवाल्याला बंधनकारक केलं. म्हणजे घंटी ही तिकडे कायद्याने शिकवलेली सभ्यता होती. आमच्या आजोबांच्या लेखी मात्र मागून घंटी वाजवणं ह्यापरता उद्धटपणा नाही. "मी काय गुरू आहे का, घंटा ऐकून बाजूला व्हायला?" माणसाने माणसाला तोंडाने सांगावं, "जरा येऊ द्या हं," असं त्यांचं म्हणणं. रविवारी त्या मुलांनी तोंडानेच सांगितलं होतं म्हणा. त्याने तरी काय साधलं!

तर अशा घरात माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, १९४६ साली जुनी रॅले विकत घेतली. भाऊ शाळेत मास्तर होते. सायकल देवडीत ठेवायची, ओट्याशी नाही, ही आजोबांची पहिली अट. दुसरी अट अशी, की गल्लीत शिरताना उतरायचं आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत यायचं. ओटल्यावर (आम्ही इंदूरवाले ओट्याला ओटलाच म्हणतो) वडीलधारी मंडळी बसलेली असतात, त्यांच्या डोक्यापेक्षा उंच बसून पुढून जायचं नाही. समोरून शाळेचे हेडमास्तर आले तर उतरायचं. प्रेतयात्रा दिसली तर उतरायचं, टोपी काढायची. गोपाळ मंदिरावरून जाताना आणि राजवाड्याच्या दरवाज्यापुढून जातानाही भाऊ उतरत. राज्य जाऊन, आधी मध्य भारत आणि मग १९५६ साली मध्य प्रदेश होऊनही त्यांची ती सवय गेली नाही. पाय आपोआप खाली यायचा. लहानपणी मी पुढच्या दांडीवर बसलेली असायची आणि वैतागायची, कारण शाळेपर्यंतच्या दहा मिनिटांच्या रस्त्यात आम्ही चार वेळा उतरत असू.

आमच्या गल्ल्याही तशाच. दोन टांगे समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागे. १९१८ साली पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन भागांचा मोठा अहवाल लिहिला. शहरात प्लेगची भीती होती, आणि जुन्या वस्त्या फोडून त्यांतून रुंद सरळ रस्ते काढायचे ही त्या काळच्या इंजिनिअरांची ठरलेली मात्रा. गेडीस त्याच्या विरुद्ध होता. अरुंद गल्लीला तो रोग मानत नव्हता. पडकी घरं काढा, झाडं लावा, मोकळ्या जागा करा, पण लोकांचे राहते वाडे पाडून रस्ते कशाला, असं त्याचं मत. त्याने दिवाळीत शहरात एक मिरवणूकही काढली होती. जी वस्ती स्वच्छ होईल तिच्यातून मिरवणूक जाणार असं सांगितल्यावर गल्ल्यागल्ल्यांत झाडलोटीची चढाओढ लागली, आणि त्या मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. आमच्या आजोबांनी ती मिरवणूक तरुणपणी पाहिली होती. त्यांना गेडीसचं नाव नीट घेता येत नसे, "गिड्डेसाहेब" म्हणत. पण गल्ल्या वाचल्या याचं श्रेय ते त्यालाच देत.

गल्ल्या वाचल्या, चांगलं झालं. पण चालणाऱ्यांसाठी घडलेल्या त्या गल्ल्यांत मग सायकल आली, आणि एकटी-दुकटी नाही आली.

इंदूर म्हणजे राजवाडा आणि सराफा एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. ह्या शहराचं अर्धं पोट कापडाच्या मिलांवर चालत होतं. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, भंडारी. अनंत चतुर्दशीला ज्या झांक्या आपण रात्ररात्र जागून बघतो त्या ह्या मिलांच्या मजुरांनीच सुरू केल्या. पाळी सुटायचा भोंगा झाला की परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर ह्या बाजूंना सायकलींचा लोंढा लागायचा. मी लहानपणी भाऊंबरोबर एकदा मालवा मिलच्या चौराह्यावर उभी राहून तो बघितला आहे. काळ्या सायकली, कॅरिअरला अडकवलेला डबा, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू. कुणी घंटी वाजवत नव्हतं. वाजवून कुणाला सांगणार? सगळेच सायकलवाले. टांगेवाला कडेला थांबून घोड्याच्या मानेवर हात फिरवत बसलेला. म्हणजे तिथे रस्ता त्यांचा होता, आणि बाकीचे लोक त्यांच्यापुढे उतरून उभे. भाऊसुद्धा सायकल हातात धरून उभे होते. मला आता वाटतं, तिथे आदर म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून उतरले होते.

तोवर देशी सायकली आल्या होत्या. सोनीपतची अ‍ॅटलस, आसनसोलची सेन-रॅले, लुधियानाची हीरो, सगळ्या पन्नाशीच्या दशकातल्या. विलायती रॅले ही मास्तर-वकिलांची मिजास राहिली आणि सायकल सगळ्यांची झाली. सगळ्यांची झाली तशा तक्रारीही वाढल्या. गावाकडून येणाऱ्या दूधवाल्यांच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कोठ्या, त्या लोकांच्या कोपराला लागायच्या. डबल सीट, ट्रिपल सीट. रात्री बत्ती नाही. माझा मोठा भाऊ मेणबत्तीभोवती कागदाचा पुंगळा करून हातात धरायचा आणि शिपाई दिसला की उतरून चालायला लागायचा, कारण चालणाऱ्याला बत्तीचा नियम नाही! जेल रोडवर संध्याकाळी कॉलेजची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोन-दोन सायकली जोडीने चालवत, मुलींच्या मागे-पुढे. त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

आता मुख्य गोष्ट.

१९६७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सायकल शिकले. तेरा वर्षांची होते. भाड्याच्या दुकानातून तासाच्या हिशेबाने मोठी सायकल आणायची आणि कैंची चालवायची, म्हणजे दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत. मुलीने सायकल चालवायला घरात थेट विरोध नव्हता, कारण भाऊ मास्तर. पण ओटल्यावरून टोमणे होतेच. "आता घोड्यावर बसवा," वगैरे. त्यामुळे मी दुपारी, ओटले रिकामे असताना गल्लीत चालवायची. हो, गल्लीतच. जिथे भाऊ उतरायचे तिथेच.

आमच्या गल्लीला मंदिराकडून खाली उतार आहे. एका दुपारी मी उतारावर सायकल सोडली आणि समोरून शेजारच्या आजी आल्या. बालविधवा, लाल आलवण, सोवळ्यात, हातात पूजेचं तबक. मी घंटी वाजवली. जोरात, पुन्हापुन्हा वाजवली. त्यांना कमी ऐकू यायचं. मला ब्रेक लागेना, कैंचीत पाय अडकलेला. तबक दूर जाऊन पडलं त्याचा आवाज अजून आठवतो. आजींचं मनगट मोडलं.

गल्ली गोळा झाली. आजींना आधी कुणी शिवायचं हा प्रश्न पडला, कारण त्या सोवळ्यात होत्या, आणि त्याच विव्हळत म्हणत होत्या, "अहो, उचला मला कुणीतरी." मी रडत एकच वाक्य म्हणत होते, "मी घंटी वाजवली होती." समोरच्या वाड्यातले वकील काका ओटल्यावर आले आणि मला म्हणाले, "कलम २७९. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणं किंवा स्वारी करणं. सहा महिने." ते थट्टा करत होते हे मला कळायला दोन दिवस लागले, तेवढे दोन दिवस मी जेवले नाही. कलम २०२४ पर्यंत खरंच होतं तसं. १८६० चं. त्यातली स्वारी म्हणजे घोड्यावरची, पण सायकललाही लागू पडायचं.

भाऊ मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. म्हणाले, "घंटी वाजवलीस म्हणून रस्ता तुझा झाला का?" मग मला घेऊन आजींकडे गेले आणि ठरवून आले, की हात बरा होईपर्यंत त्यांचं पाणी मी भरायचं आणि संध्याकाळी त्यांना गोपाळ मंदिरात मी न्यायचं. पायी. दोन महिने नेलं. आजी वाईट नव्हत्या, वाटेत मला गोष्टी सांगत. पण त्या हाताने त्यांना नंतर पोळी लाटता आली नाही हे मी विसरलेले नाही.

त्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी फलक लागला. आजोबांनी स्वतः पत्र्यावर रंगवला, पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर मराठीत आणि खाली हिंदीत: 'सायकलवरून उतरून चालावे.' त्याखाली मालक, पाहुणा, दूधवाला, कुणी का असेना, सगळ्यांना लागू असं बारीक अक्षरात. फलक लागायला कारण मी. पण तो वाचून गल्लीतल्या प्रत्येकाला वाटे, की तो बाहेरच्यांसाठी आहे. आम्हालासुद्धा तसंच वाटायला लागलं. वर्षभरात तर मी स्वतः उतरायची नाही, पायडलवर एक पाय ठेवून, उतरल्यासारखं करून, घसरत घरापर्यंत यायची. ओटल्यावरचे हसायचे. घरची मुलगी.

१९६८ चा पावसाळा संपत आला होता. संध्याकाळची वेळ. आजोबा ओटल्यावर, मी त्यांच्या मागे दारात तांदूळ निवडत. एक माणूस सायकलवरून गल्लीत शिरला. मिलमधला, केसांत कापूस. आमच्या गल्लीतून पलीकडच्या रस्त्याला आखूड वाट होती. तो सावकाश चालवत होता, गर्दीही नव्हती. आजोबा ओरडले, "ए, उतर! उतर खाली! फलक वाचता येत नाही?" वकील काकांसाठी, मास्तरांसाठी, दूधवाल्यासाठीसुद्धा त्यांच्या तोंडात "अहो" असायचं. ह्याला "ए". तो माणूस थांबला. एक पाय जमिनीवर टेकला, बूड सीटवरच. आजोबांकडे बघितलं. मला वाटलं, आता उतरेल. तो म्हणाला, "वाचता येतो." मराठीत. आणि पाय उचलून पायडलवर ठेवून तसाच, न घाई करता, सगळ्या ओटल्यांपुढून निघून गेला. आजोबा बराच वेळ काहीबाही बोलत होते. त्यातले काही शब्द मी इथे लिहिणार नाही. ते शब्द मी त्याआधी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

पाच वर्षांनी, कॉलेजात असताना, माझी एक जिवलग मैत्रीण झाली. ती नंदानगरची. मजुरांसाठी वसवलेली, गुलझारीलाल नंदांचं नाव दिलेली वसाहत. तिचे वडील एका मिलमध्ये जोडारी करत. मूळचे खानदेशाकडचे. मी तिच्या घरी जायची, तिची आई बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढायची. एकदा वडील घरी होते. "कुठं राहता, बाई?" त्यांनी विचारलं. मी गल्ली सांगितली. ते हसले. "ती फलकवाली गल्ली?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात, चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंतच्या रस्त्यावर, त्यांच्या लोकांनी पायात वहाण घालून जायचं नाही. सायकलवर बसून तर नाहीच. आपल्या देशात अशी गावं पुष्कळ होती, आणि ती फार जुनी गोष्ट आहे असंही कुणी समजू नये. इंदूरला येऊन मिलमध्ये लागल्यावर पैसे साठवून त्यांनी सायकल घेतली आणि पहिल्या दिवाळीला स्टेशनपासून ती चालवत गावी गेले. वेशीपाशी लोकांनी अडवलं. म्हणाले, उतर खाली. म्हातारी आई समोर उभी होती, हात जोडत होती, म्हणून ते उतरले. सायकल खांद्यावर घे म्हणाले, ती खांद्यावर घेतली. घरापर्यंत खांद्यावर नेली. "त्या दिवशी ठरवलं, पुन्हा कुणी सांगितल्यावर उतरायचं नाही. आपल्या मनानं उतरीन. म्हाताऱ्या माणसापुढं उतरीन, पोराबाळांच्या गर्दीत उतरीन. सांगितल्यावर नाही." आणि मग आमच्या गल्लीतला तो प्रसंग त्यांनी सांगितला. "एक म्हातारा होता ओटल्यावर. मी एऱ्हवी तिथं उतरतच होतो, बाई. त्या दिवशीबी उतरणारच होतो. त्यानं 'ए' म्हटलं."

माझ्या हातातला घास हातात राहिला. मैत्रीण म्हणाली, "अगं, खा ना." मी खाल्ला. तो म्हातारा माझे आजोबा होते आणि मी त्यांच्या पाठीमागे दारात बसले होते हे मला सांगता आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढे कितीतरी वेळा मी त्या घरी जेवले.

भाऊंना मात्र सांगितलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "मी राजवाड्यापुढे उतरतो ते मला कुणी उतरवत नाही म्हणून उतरतो." एवढंच. आजोबा तेव्हा अंथरुणावर होते, पुढच्याच वर्षी गेले. फलक त्यानंतरही काही वर्षं होता, मग गल्लीत स्कूटरी आल्या आणि स्कूटरवाल्याला उतर म्हणायची कुणाची टाप नव्हती. उतरून चालायचा नियम जो होता तो सायकलवाल्यापुरताच होता, हे स्कूटर आल्यावर सगळ्यांना एकदम कळलं. फलक कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मिलाही गेल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गप्प झाल्या. भोंगे थांबले तसा तो सायकलींचा लोंढाही थांबला. हुकुमचंदच्या मजुरांची देणी कोर्टकचेऱ्या होत होत २०२३ च्या डिसेंबरात मिळाली, सुमारे २२४ कोटी रुपये, ४,८०० च्या आसपास मजूर किंवा त्यांचे वारस. बत्तीस वर्षांनी. त्यातले कितीतरी जण तोवर राहिलेच नव्हते.

आणि शहराला सायकलीची आठवण झाली ती मिला गेल्यावर. २०१३ साली ए.बी. रोडवर बसचा वेगळा मार्ग झाला, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत, साडेअकरा किलोमीटरच्या आसपास. त्याच्या कडेने सायकलसाठी वेगळी पट्टी. मी हौसेने बघायला गेले होते. पट्टीवर मोटारसायकली उभ्या, पाणीपुरीची गाडी, एका जागी तर कुणी खाट टाकून झोपलेला. सायकलवाला बिचारा बाहेर, गाड्यांच्या गर्दीत. चालणारा पट्टीवर, कारण फूटपाथवर दुकानांचा माल. प्रत्येकजण आपल्या जागेतून दुसऱ्याच्या जागेत ढकललेला, आणि प्रत्येकाचा राग आपल्यापेक्षा एक पायरी खालच्यावर. २०२५ मध्ये तो मार्ग काढायला हायकोर्टाने परवानगी दिली.

आता सायकल पुन्हा आली आहे, पण उलट्या बाजूने. पूर्वी ज्याला टांगा परवडत नव्हता तो सायकलवर असायचा, आता ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत तो रविवारी सायकलवर. नातवाची सायकल मोटारसायकलीच्या किमतीची आहे, असं त्याची आई सांगते. घंटी नाही तिला. वजन वाढतं म्हणे! मिल-मजुराला "ए" म्हणणारे ओटल्यावर बसलेले होते आणि आता "साइड" म्हणणारे सीटवर बसलेले आहेत. मला दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं, कारण ओटलाही माझा आणि सीटवरचाही माझा.

नातवाला घरी येऊन हे सगळं सांगितलं. आजींचं मनगट, फलक, नंदानगर, सगळं. तो फोन खाली ठेवून ऐकत होता, हे हल्ली दुर्मीळ. म्हणाला, "मग मी उतरायला हवं होतं की नको?" मी म्हटलं, त्यांचा पाय मुडपला होता, रे. त्यांनी सांगायच्या आत.

या रविवारी तो एकटाच आला, सायकलला एक छोटी घंटी लावून. ते गृहस्थ दिसले तसा लांबून घंटी वाजवली आणि मग उतरला. त्यांनी काठी टेकली, वळून बघितलं आणि म्हणाले, "घंटी कसली वाजवतोस? तोंड नाही का?" मी हसू दाबत पुढे निघून गेले. नंतर बघते तर दोघं चालत होते, सायकल मध्ये.

एक विनंती. राजवाड्यामागच्या कुणाकडे साठ-सत्तरच्या दशकातले गणपतीचे किंवा गेरचे जुने फोटो असतील तर जरा भिंग घेऊन बघा, गल्लीच्या तोंडाशी डाव्या हाताला पत्र्याचा पांढरा फलक दिसतो का. दिसला तर मला पाठवा. आमच्याकडे एकही फोटो नाही.

आणि माझी ती मैत्रीण आता पुण्याला असते, हा ग्रुप वाचते, आवडलं की अंगठा टाकते. अगं, ते माझे आजोबा होते. वडील असताना सांगायला हवं होतं. फोन कर, किंवा मीच करते.